होकाराचा धोंडा

वर

वैशाखात मोरधार किल्ल्याचा दक्षिण कडा पहाटे आधी काळा, मग जांभळा दिसे, आणि सूर्याचा पहिला किरण तटाच्या चर्येवर पडताच घासलेल्या तांब्यासारखा लाल होई. त्या वेळी कड्याच्या माथ्यावरच्या थोरल्या बुरजावरचा पहारेकरी वाकून खाली थुंके आणि थुंकी कुठवर दिसते ते बघत उभा राही. पहाऱ्यावरची ती जुनी करमणूक होती.

त्या दिवशी तो थुंकला नाही. तोंडात थुंकी नव्हती.

माघात हबीब खानाचा वेढा पडला होता. गडावरची सारी टाकी तळाला गेली होती. एकट्या देवटाक्यात पाणी उरले होते आणि ते माणशी ओंजळीने मिळे. गडाच्या पोटात, कातळाच्या आत कुठेतरी, खानाचा सुरुंग वर सरकत होता.

किल्लेदार जानरावांनी सटवा नाईकाला बुरजावर बोलावले. सटवा हा गडाखालच्या खाणीतल्या वडारांचा नाईक. तटाच्या डागडुजीसाठी तो आपले गडी घेऊन वर आला होता आणि त्याच संध्याकाळी वेढा आवळला गेला. गडी वर राहिले. बायका आणि म्हातारे खालीच, खाणीजवळच्या पालांत, खानाच्या हाती सापडले.

सटवा फरसबंदीवर पालथा पडला. कान दगडाला लावला. बराच वेळ उठला नाही.

“नाईक, झोप लागली काय?” सरनोबत उदाजी हसला. गडाची सारी शिबंदी त्याच्या हाताखाली होती, आणि जानरावांच्या ताटात जेवून तो लहानाचा मोठा झाला होता.

“झोप कुठली, सरकार. घाव ऐकत व्हतो.” सटवा उठून बसला. “कालपातुर छिन्नी वाजत व्हती. आमचीच माणसं खणत्यात. आमच्या यल्लव्वाचा घाव मी हजारात वळखीन. डावरी हाय. तिचा घाव तिरपा वाजतो.”

“आणि आज?” जानरावांनी विचारले.

“आज गप हाय. म्हंजे खणून झालं. आता दारू भरत्याल. उद्या दिस उगवायला बत्ती.”

मग जानराव म्हणाले, “नाईक, आपण हा किल्ला हाताने बांधणाऱ्यांचे वंशज. उपाय असेल तर सांगावा. नसेल तर तेही सांगावे. आम्ही दरवाजा उघडून तलवारीनिशी तुटून पडू.”

सटवाने बुरजाच्या पायथ्याकडे बोट दाखवले. तिथे माचीवरून एक जुनी भेग कड्याच्या कडेकडेने गेली होती. “माझा बाप सांगायचा, ह्या भेगंला हात लावू नगा, निम्मा कडा खाली जाईल. खाली कड्याच्या पोटात आमची खाण. वरनं गोळा लागंना, धोंडा लागंना, म्हणून खानाची फौज तिथंच बसलीया. भेगंत भोकं पाडतो. वाळल्या खैराच्या पाचरी ठोकतो. त्यास्नी पाणी पाजायचं, उद्या पहाटंपातुर, खंड न पाडता. लाकूड फुगतं तवा दगडाचं काय चालत न्हाई, सरकार. शेवटची पाचर लोखंडाची. तिच्यावर एक घाव.”

“किती पाणी?”

“देवटाकं.”

उदाजी पुढे झाला. “किल्लेदार, लाकडाला पाणी पाजून माणसे तहानेने मारणार? बायकापोरांना काय पाजणार, दगड?”

हे बोलणे दयेचे होते. बुरजावर त्याला माना डोलल्या.

जानरावांनी स्वतःच्या वाट्याचा तांब्या उचलला, भेगेशी गेले आणि ओतून रिकामा केला.

“सुरू करा,” ते म्हणाले.


खाली

खाण म्हणजे डोंगराच्या पोटाला पिढ्यान्‌पिढ्या पाडलेली खोबण. वर कड्याचे छत, खाली दगडाच्या चिपांचा खच. त्या छताखाली आता तंबू, दारूची पोती, सुरुंगाचे काळे तोंड आणि गडाच्या वाटेवर रोखलेली एक मोठी तोफ.

पायांत दोर बांधलेल्या बायका पोती वाहत होत्या. त्यांच्यात यल्लव्वा होती. उंच, हाडापेराने रुंद, डाव्या खांद्यावर चाबकाचे वळ. ते वळ एका धोंड्यापायी उठले होते.


मध्ये

धोंड्याचे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

खाणीच्या बाहेरच्या काठावर, कड्याची सावलीसुद्धा पोचत नाही अशा जागी, एक लांबट काळा धोंडा होता. त्यावर घण मारला की तो दगडासारखा वाजत नसे, देवळातल्या घंटेसारखा वाजे. वडार त्याला बोलका धोंडा म्हणत.

खाणीचा कायदा असा होता. वरून दगड सोडण्याआधी वरच्याने हाळी द्यायची: घणाचे दोन लांब ठोके, एक आखूड. हाळी ऐकली की खालच्यांनी असेल ते टाकून काठावर यायचे. सगळ्यात शेवटी जो बाहेर येईल त्याने, आपल्यामागे कोणी उरले नाही हे बघून, बोलक्या धोंड्यावर घण मारायचा. हा होकार. होकार आला की घाव. होकार नाही, तर घाव नाही. मग दिवस मावळो, पाऊस येवो, मुकादम शिव्या देवो. फार पूर्वी कुणा उतावळ्याने होकाराची वाट न बघता दगड सोडला आणि स्वतःचा बाप गाडला, तेव्हापासूनचा हा कायदा. खोटा होकार खाणीत कधी कोणी दिला नव्हता. होकार शेवटी निघणाराच देई, म्हणून खोटा होकार द्यायला माणसाला स्वतः दगडाखाली उभे राहावे लागले असते, आणि धोंडा तर बाहेर होता.

होता.


खाली

तोफ आणली तेव्हा तिची चाके चिपांत रुतली. खानाने खाली घालायला सपाट दगड मागितला. शिपायांनी काठावरचा काळा धोंडा पाहिला, बैल जुंपले आणि ओढत खाणीच्या पोटात आणला.

यल्लव्वा बैलांसमोर आडवी झाली होती. “ह्यो सोडून कंचाबी न्या. ह्यो आमचा बोलका धोंडा हाय.”

हबीब खान हसला. मूर्ख नव्हता तो, दमलेला होता. “बोलतो? मग विचारा त्याला, किल्ला कधी पडणार.”

शिपाई खदखदले. चाबूक पडला. तोफेचे डावे चाक बोलक्या धोंड्यावर चढले, ते मागे घसरू नये म्हणून त्याच्यामागे लाकडाचे अडण घातले गेले, आणि काठावर धोंड्याच्या जागी खड्डा राहिला.

गडावरच्यांना हे दिसणे शक्य नव्हते. कड्याचे छत आड होते.

आज दुपारी यल्लव्वाने पोते टेकवून कपाळ पुसले तेव्हा छतातून एक थेंब तिच्या मनगटावर पडला. वैशाखात. तिने वर बघितले. कातळातून ओलाव्याची रेघ उतरत होती, सरळ, सूत धरून मारल्यासारखी.

“तिम्मादा,” ती कुजबुजली. तिच्याच दोराला म्हातारा तिम्मा बांधलेला होता. “वर बघू नगा. पाचरींना पाणी पाजत्यात.”

तिम्माने तरी वर बघितलेच. “सटव्या येडा झाला का काय? भेगंला हात लावला?”

“त्याच्या बापाला ती शिवू वाटंना, कारण त्याला खान भेटला नव्हता.”

पहाऱ्याचा शिपाई जवळ आला. “ए! ते पाणी कसलं?”

“दगडाला घाम आलाय, जमादार,” यल्लव्वा म्हणाली. “तुमच्या तोफंला भिऊन.”

शिपायाला ते आवडले. तो मिशीवर हात फिरवत निघून गेला.

तिम्मा दातावर दात रोवून हसला आणि मग हसू उतरले. “पोरी, हाळी आली की आपण पळू. दोराला मी चिपंनं घासा मारून ठेवतो, समद्यांच्या. पर होकार? सटवा होकाराबिगर घाव घालायचा न्हाई. कापला तरी न्हाई.”

“म्हाईत हाय मला. नवरा हाय माझा.”

“धोंडा तर हितं आत…”

“ते बी दिसतंय मला.”

“मग होकार देणार कोण?”

यल्लव्वाने पोते पुन्हा खांद्यावर घेतले. “सगळ्यात शेवटी जो ऱ्हाईल त्यो. कायदाच हाय तसा.”


वर

दिवस कलता कलता देवटाक्यावर रक्त सांडले.

पखाली भरून नेणाऱ्या गड्यांची रांग चालू असताना उदाजी आपली खास माणसे घेऊन आला. त्यांच्या हातांत पहारी होत्या. पाणी वाचवायला आलेले लोक टाक्याचा बांध फोडायला लागले, तेव्हा जानरावांना सारे एकदम कळले: सकाळची ती दया कुठून आली होती, आणि उदाजीच्या बुरजावर रोज संध्याकाळी खानाला दिसेल असा हिरवा शेला का वाळत घातलेला असे.

“उदा,” ते म्हणाले, “आपण एका ताटात जेवलो.”

“म्हणून तर अर्धा किल्ला तुम्हांला ठेवणार होतो, राव.”

तलवारी भिडल्या. उदाजी तरणा, जानराव थकलेले आणि तहानलेले. तिसऱ्या वारात जानरावांची तलवार मुठीपासून तुटली आणि त्यांच्या दंडाचे मांस उघडे पडले. एका पखालवाल्याच्या पोटात भाला घुसला. तो बांधावर बसला, आणि फुटू पाहणाऱ्या जागी पाठ लावून तसाच बसून राहिला. पाणी त्याच्याभोवतीने झिरपू लागले, तांबडे होऊन. उदाजीने शेवटचा वार उगारला, आणि तेवढ्यात मागून सटवाचा घण त्याच्या गुडघ्यावर बसला. हाड चिप उडावी तसे उडाले.

आडवा पडलेला उदाजी दात विचकून बोलला. “नाईक, मला मारशील. पण कडा सोडशील तेव्हा खाली खान एकटा नाही. तुझी बायको आहे. तुझी अख्खी पालं आहेत.”

“ठाव हाय, सरनोबत,” सटवा म्हणाला. “म्हणून तर हाळी असती.”

दुसरा घाव त्याने घातला नाही. तो जानरावांनी घातला, उदाजीच्याच कट्यारीने, आणि उठताना त्याचे डोळे स्वतःच्या हाताने मिटवले. मग मेलेल्या पखालवाल्याला बांधावरून न हलवता, त्याच्या अंगाभोवती माती लिंपून, पखालींची रांग पुन्हा चालू झाली.

सूर्यास्ताला भेगेतून पहिला आवाज आला. बारीक. सुकी शेंग फुटावी तसा.


वर

पहाट.

पाचरी फुगून दगडाच्या बरोबरीने आल्या होत्या. भेगेत आता हात जाई. देवटाके कोरडे. सटवा लोखंडी पाचरेशी उभा राहिला आणि त्याने कातळावर हाळी दिली.

लांब. लांब. आखूड.

खालून तुताऱ्या वाजत होत्या. खानाची फौज हल्ल्यासाठी छताखाली गोळा होत होती. बुरजावरचा शिपाई ओरडला, “मशाल घेऊन छताखाली शिरतायत! सरकार, मशाल!”

“नाईक, मार!” जानराव ओरडले.

“होकार न्हाई, सरकार.”


खाली

लांब. लांब. आखूड.

बायकांनी पोती टाकली. घासलेले दोर तटातट तुटले. तिम्मा सगळ्यांच्या पुढे धावला, म्हातारा असून, कारण यल्लव्वाने त्याला तसे बजावले होते: एकजण पुढं पळाला की बाकीच्या मागं वळत न्हाईत. शिपायांना आधी ही बंडाळी वाटली. एकाने तलवार फिरवली आणि दोघीजणी जागच्या जागी पडल्या. तिसरीचा हात कोपरापासून गेला. ती तशीच धावत राहिली, जणू हात नंतर न्यायला यायचा होता.

यल्लव्वा उलटी धावली. आत.

सुरुंगाच्या तोंडाशी पडलेला घण तिने उचलला आणि तोफेशी पोचली. बोलक्या धोंड्याची एक कड चाकाबाहेर होती. तिने तीवर घाव घातला.

बद्द.

तोफेचे वजन होते वर. दगडाचा गळा दाबलेला होता.


वर

“मला काही ऐकू आलं,” जानराव म्हणाले.

“त्यो होकार न्हाई.”

“नाईक, मशाल आत गेली!” जानरावांनी शाबूत हाताने कट्यार काढून सटवाच्या मानेला लावली. “पाचशे माणसांचा गड आहे. तुमच्या रिवाजासाठी उडवू? बाजूला व्हा. दुसरा कोणी घाव घालील.”

सटवा बाजूला झाला नाही. तो लोखंडी पाचरेवर छातीने आडवा पडला. “घालू द्या, सरकार. माझ्यावरनं घालू द्या. पर खाली कोन ऱ्हायलं ते बघितल्याबिगर आमी दगूड सोडत न्हाई.”

कट्यारीखाली रक्ताची रेघ आली. जानरावांनी ती आणखी दाबली नाही. आयुष्यात त्यांनी अनेक आज्ञा दिल्या होत्या, आणि ही एक देता देता राहिली.


खाली

गोलंदाजाने तिचा पदर धरून ओढले. तिने घणाचा दांडा मागे हाणला. त्याच्या तोंडात दात राहिले नाहीत. मग तिने अडणावर घाव घातला. लाकूड निसटले. तोफ क्षणभर विचारात पडल्यासारखी थांबली, आणि मागे सुटली. मागे उभा असलेला गोलंदाज, त्याच्या मागचा, आणि मशाल घेऊन सुरुंगाकडे निघालेला तिसरा, तिघांवरून चाक गेले. मशाल चिपांत विझली.

सुरुंगाच्या आत मात्र आधी गेलेल्या मशालीने वात पेटली होती. तिची सूं सूं ऐकू येत होती.

भाला तिच्या बरगड्यांत मागून शिरला तेव्हा ती घण उचलतच होती. तिने तो खाली येऊ दिला नाही. काठाकडे एकदा बघितले. उन्हात तिम्मा दिसला, बाकीच्या दिसल्या. जी हात टाकून धावली होती तीही दिसली. आत आता आपले कोणी नव्हते. पडलेल्या दोघी होत्या, पण त्या हाळीच्या पलीकडे गेल्या होत्या.

हबीब खान दहा पावलांवर उभा होता. त्याला काहीच कळत नव्हते, आणि तरीही सगळे कळले असावे, कारण तो वर बघू लागला.

“इचारलं व्हतंस न्हवं,” यल्लव्वा त्याला म्हणाली, “किल्ला कवा पडनार?”

डाव्या हाताने, तिरपा.


वर

घंटेसारखा आवाज कड्यातून वर आला.

सटवाच्या चेहऱ्यावर हसू पसरले. कट्यार मानेवर असताना, रक्त छातीवर उतरत असताना, तो लहान पोरासारखा हसला. “आल्या, सरकार! समद्या भाईर आल्या. आन् बघा, होकार तिनंच दिला. तिरपा वाजला.”

तो उठला. हातावर थुंकायचे होते, थुंकी नव्हती. त्याने रक्तच तळव्यांना चोळले.

आणि घाव घातला.

 

 

कडा आधी बोलला नाही. आधी बुरजाच्या सावलीत एक काळी ओळ उघडली, मग ओळीतून पलीकडचे आकाश दिसले, आणि मग माची नव्हती. धूळ थोरल्या बुरजाच्या वर गेली. कुठेतरी खोल, राशीच्या खाली, सुरुंगाची दारू उडाली. डोंगराला उचकी लागावी तसा धक्का आला. बुरजाचे दोन थर ढासळले आणि बाकीचे उभे राहिले.

तुताऱ्या थांबल्या.


खाली

खानाची उरलेली फौज दुपारच्या आत वाट फुटेल तिकडे गेली. गडाचा दरवाजा उघडला आणि माणसे नदीकडे धावली. काही पाण्यात पालथी पडून प्यायली आणि बरीच तिथेच रडत बसली.

सटवा नदीकडे गेला नाही. घण खांद्यावर टाकून तो खाणीच्या काठाकडे निघाला, जिथे होकार देणारा माणूस उभा असतो. बायका होत्या. तिम्मा होता. कोणी वर बघेना.

“यल्लव्वा कुटं हाय?”

तिम्मा नुसता बाजूला सरकला. त्याच्या मागे बोलक्या धोंड्याची जागा होती. लांबट खड्डा. त्यात पांढरी मुळे, मुंग्यांची अंडी, आणि बाहेर, राशीच्या दिशेने गेलेला ओढल्याचा चर.

सटवाने चर बघितला. तो कुठे जातो ते बघितले. मग खड्ड्याच्या काठाशी बसला आणि त्यात हात घालून माती चाचपू लागला, धोंडा असेलच, अजून खाली असेल, अशा बेताने.


मध्ये

श्रावणाच्या आधी ढासळलेला बुरूज उभा करणे भाग होते. जानराव पालखीतून खाली उतरले. दंडाची जखम अजून वाहत होती. खाणीच्या जागी आता फुटक्या कातळाची रास होती, घडायला सोपी, उत्तम काळ्या दगडाची.

“नाईक,” ते म्हणाले, “आपणांस गाव इनाम द्यावे असा हुजुरांचा मनोदय आहे. ते आपण घ्याल तेव्हा घ्याल. तूर्त बुरजाला दगड हवा. ही रास फोडावी.”

“जी, सरकार.”

सटवा राशीवर चढला. मधल्या मोठ्या कातळावर त्याने घण मारला. लांब. लांब. आखूड. मग घण टेकवून उभा राहिला.

किल्लेदार उभे राहिले. भोई उभे राहिले. ऊन चढले. वडार बायका काठावर, खड्ड्याभोवती बसल्या होत्या. राशीवर एक पाल आली, उन्हात थांबली, गेली. सावल्या लांबल्या.

सटवा खाली उतरला.

“होकार न्हाई, सरकार.”

एकदा याच माणसाच्या मानेला कट्यार लावलेल्या जानरावांनी पागोटे काढले, राशीपुढे माथा लववून उभे राहिले, आणि बुरजासाठी दगड दोन कोसांवरच्या ओढ्यातून आणवण्याचा हुकूम दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सटवा पुन्हा राशीवर चढला.